नकली तळघराची वहिवाट

“पाह्यासारखं काय आहे बा तिथं?”

गेल्या दिवाळीत हा प्रश्न मला विचारला गेला. विचारणारे माझ्या मामेबहिणीचे यजमान. अमरावतीचे, तीन पिढ्यांचा जिनिंग-प्रेसिंगचा धंदा असलेले. अकरा दिवसांत इंग्लंड-स्कॉटलंड उरकून नुकतेच परतले होते. जाताना चिवड्याचे डबे नेले होते, येताना मोबाइलमधून आठशे फोटो आणले होते. लंडनचं चाक, एडिनबराचा किल्ला, लेक डिस्ट्रिक्टमधली बोट, मँचेस्टरचं फुटबॉलचं मैदान, सगळं दाखवून झालं. मी म्हणालो, “भाऊजी, मँचेस्टरपर्यंत गेलात तर लिव्हरपूल तासाभरावर होतं. मी चार दिवस राहिलो होतो तिथे.” त्यावर हा प्रश्न. प्रश्नाच्या शेपटीला उत्तरही बांधलेलं होतं: “आमचा टूरवाला म्हणे, तिथं फक्त त्या चार पोरायचं गाणं-बजावणं. अर्धा दिवस फुकट जाते.”

भाऊजींचं एक वेळ सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात पुण्यात माझा एक मित्र भेटला. हा रेकॉर्डी जमवणारा. फ्लॅनेलच्या फडक्याने पुसल्याशिवाय तबकडीवर सुई न ठेवणारा. त्याला लिव्हरपूलचं सांगावं म्हटलं तर तो भाऊजींच्याही पुढे गेला. “चार दिवस? अरे, सगळा सेट आहे तो. कॅव्हर्न क्लब मूळचा नाहीच. पाडून पुन्हा बांधलाय. तू विटा बघून आलास.”

एरवी या दोघांचं पावसाळ्यात पाऊस पडतो यावरसुद्धा एकमत व्हायचं नाही. एकाला गाण्यातलं कळत नाही म्हणून लिव्हरपूल नको, दुसऱ्याला फार कळतं म्हणून नको. इतकी वेगळी माणसं एकाच निकालावर आली की मला संशय येतो, कागदपत्रं दोघांनीही उघडलेली नसावीत. आणि हे दोघंच कशाला, ज्याच्यापुढे विषय काढावा तो थोड्याफार फरकाने हेच बोलतो. सगळ्यांचा मिळून खटला असा: तिथे डोळ्यांना दिसेल असं भव्य काही नाही. जे आहे ते बनावट. ज्या चौघांच्या नावाने शहर मिरवतं ते तर नाव झाल्याबरोबर १९६३च्या सुमारास लंडनला निघून गेले. मागे उरलेलं शहर त्यांच्या नावाचे मग आणि मोजे विकून पोट भरतं. आणि सगळ्यात शेवटी ते आपलं खास ठेवणीतलं वाक्य: आपला काय संबंध?

आधी मित्राला घेतो. तो जास्त शहाणा आहे, त्यामुळे त्याची चूकही जास्त मोठी आहे.

मॅथ्यू स्ट्रीट ही शहराच्या मध्यातली अरुंद गल्ली, पूर्वी फळांच्या वखारींची. तिथल्या एका वखारीच्या तळघरात १६ जानेवारी १९५७ला कॅव्हर्न सुरू झाला, तोही जॅझसाठी, पॅरिसमधल्या एका तळघरातल्या क्लबावरून कल्पना उचलून. म्हणजे मित्राचीच मोजपट्टी लावायची तर मूळ कॅव्हर्नसुद्धा नक्कलच. १९६१च्या फेब्रुवारीपासून १९६३च्या ऑगस्टपर्यंत बीटल्सनी तिथे अडीचशेहून जास्त कार्यक्रम केले. पुढे १९७३मध्ये भुयारी रेल्वेला हवा खेळती राहावी म्हणून तिथे एक उभी विहीर खणायची ठरली. वखार पाडली, तळघर बुजवलं. आणि ती विहीर कधी खणलीच नाही! मोकळ्या जागेत लोक गाड्या लावायला लागले. अकरा वर्षांनी, १९८४ला, शहराला उपरती झाली, तेव्हा जुन्या जागेच्या बऱ्याचशा भागावर, जुन्या विटांपैकी हाती लागल्या त्या वापरून कमानी पुन्हा उभ्या केल्या.

तेव्हा मित्र म्हणतो ते खरं आहे. एवढं मान्य करतो, याच्यापुढे एक इंचही नाही. कारण मूळचं नाही म्हणून जायचं नाही हा नियम लावायचा तर माझ्या या पुणेकर मित्राने पाहुण्यांना शनिवारवाड्यावर नेणं आधी बंद करावं. वाडा १८२८च्या आगीत जळाला. आत जोती आहेत, कारंज्याची जागा आहे, बाकी गवत आहे. तरी हा दिल्ली दरवाज्यापाशी उभा राहून हातवारे करत सात मजले उभे करतो आणि पाहुणे माना डोलावतात. तिथे कल्पनाशक्तीला मुभा आणि लिव्हरपूलच्या विटांना मात्र वंशावळीचा दाखला मागायचा?

खरी गोष्ट वेगळीच आहे. कॅव्हर्न हे काही देऊळ नव्हतं, की मूर्ती हलली आणि देवत्व गेलं. ते दुपारच्या सुट्टीत जायचं ठिकाण होतं. आसपासच्या कचेऱ्यांतल्या टायपिस्ट मुली, दुकानांतली पोरं जेवणाच्या तासाला अठरा पायऱ्या उतरून खाली यायची, सूप नाहीतर पाव खायची, घामाने ओल्या झालेल्या भिंतींना टेकून गाणं ऐकायची आणि पुन्हा कामावर जायची. दारू मिळत नसे. ९ नोव्हेंबर १९६१ला ब्रायन एपस्टाइन नावाचा रेकॉर्डीच्या दुकानाचा मालक सूट घालून खाली उतरला तो अशाच दुपारच्या बैठकीला. त्या जागेचं मोठेपण विटांत नव्हतंच. ते होतं दुपारी, कामाच्या दिवशी, कोणीतरी वाजवतंय आणि कोणीतरी उभ्या-उभ्या ऐकतंय यात.

आणि ते चालू आहे. मी गेलो तो मंगळवार होता, वेळ साडेबाराची, बाहेर भुरभुर पाऊस. खाली बुटक्या कमानींखाली साठीचा एक गृहस्थ एकटाच गिटार घेऊन बसला होता. तीस-चाळीस माणसं असतील. माझ्या शेजारी एक बाई, सत्तरीच्या पुढची, पायाशी बाजाराची पिशवी, त्यातून लीकच्या कांद्यासारख्या हिरव्या पाती डोकावत होत्या. तिने दोन गाणी अगदी खालच्या आवाजात, ओठांतल्या ओठांत पूर्ण म्हटली, टाळ्या वाजवल्या नाहीत, घड्याळ पाहिलं, पिशवी उचलली आणि बस गाठायला निघून गेली. ती पर्यटक नव्हती. तिला मूळ आणि नकली यातला फरक मी सांगायचा होता का? आमच्याकडे जमिनीच्या दाव्यात एक शब्द असतो, वहिवाट. सातबारा कोणाच्या का नावावर असेना, वर्षानुवर्षं कसतो कोण, वापरतो कोण, हे विचारतात. त्या तळघराची इमारत नकली असेल. वहिवाट अस्सल आहे.

आता भाऊजींचं ‘पाह्यासारखं’. त्यांचं दुःख मला कळतं. पेनी लेनला उतरलेला माणूस प्रथम चक्रावतोच. मीही चक्रावलो. एक चौक. बस वळायची जागा, मधे एक बैठं गोलसर निवाऱ्याचं घर, न्हाव्याचं दुकान, थोडं पुढे शाळा. बस. रस्त्याच्या नावाच्या पाट्या लोक इतक्या वेळा चोरून नेत की नावं भिंतींवर रंगवून ठेवायची पाळी आली. माझ्याबरोबर बसमधून उतरलेल्या एका जोडप्याने भिंतीपाशी फोटो काढला, इकडेतिकडे पाहिलं आणि नवऱ्याने बायकोला विचारलं ते मराठी नसूनही मला समजलं: एवढंच?

एवढंच. तेच तर बघायचं आहे! धबधब्यावर गाणं करायला काय लागतं? धबधबा अर्धं काम करून देतो. इथे पोरं शहरात जायला बस बदलत उभी राहायची, समोर न्हावी, बँक, पाऊस. त्यातून १९६७ साली जगभर वाजणारं गाणं निघालं. त्याच तबकडीच्या दुसऱ्या बाजूला असलेलं गाणं साल्व्हेशन आर्मीच्या अनाथ मुलांच्या आश्रमाच्या बागेवरून. ही सामग्री किती मामुली होती, हे त्या चौकात दहा मिनिटं बस चुकवून उभं राहिल्याशिवाय कळत नाही. रेकॉर्ड कितीही स्वच्छ पुसली तरी नाही कळत. ‘गाणं ऐकायचं असतं, त्याचं गाव बघायचं नसतं’ असं मित्र म्हणतो, तेव्हा मला विचारावंसं वाटतं, मग देहू-आळंदीला लोक काय नुसते पाय दुखवायला जातात?

मामुली म्हणजे किती, ते फोर्थलिन रोडवर दिसतं. वीस नंबरचं घर. नगरपालिकेने बांधलेली भाड्याची चाळवजा रांग, १९५५ला त्या चौघांपैकी एकाचं, मॅकार्टनीचं, कुटुंब तिथे राहायला आलं. आता ते घर नॅशनल ट्रस्टकडे आहे. त्यांच्याच छोट्या बसने थोडी-थोडी माणसं नेतात, आत फोटो काढू देत नाहीत, त्यामुळे निदान बघावं तरी लागतं. पुढची खोली आपल्या दादर-गिरगावातल्या खोलीएवढी. भिंतींवर वेगवेगळ्या नक्षीचे कागद, कारण गुंडाळ्यांची उरलेली टोकं स्वस्तात मिळत, ती जोडून लावलेली. जमिनीवरच्या गालिच्याचे तुकडेही तसेच. १९५६च्या ऑक्टोबरमध्ये आई गेली, ती सुईण होती. त्यानंतर त्या खोलीत बाप आणि दोन मुलगे. शाळा चुकवून जॉन लेनन तिथे यायचा, दोघं समोरासमोर बसून वहीत गाणी उतरवायचे. दोन वर्षांनी, १९५८च्या जुलैमध्ये, लेननचीही आई मोटारीखाली गेली. त्या खोलीत उभं राहिलो तेव्हा आमच्या गटातल्या दहा-बारा माणसांना एकमेकांच्या कोपरांचा त्रास होत होता. कोणी बोलत नव्हतं. टूरवाल्याच्या वहीत हे ‘काही नाही’ या रकान्यात पडतं.

राहिला मग-मोज्यांचा आरोप. हो, विकतात. पिवळी पाणबुडी छापलेले मोजे विकतात, चहाचे डबे विकतात, विमानतळालासुद्धा लेननचं नाव दिलंय. बटबटीत आहे, कबूल. पण हे शहर आधी काय विकायचं ते पाहा. अठराव्या शतकात लिव्हरपूलच्या जहाजांनी दहा लाखांहून जास्त आफ्रिकी माणसं समुद्रापार नेऊन विकली. १८०७ला तो व्यापार कायद्याने बंद झाला, तरी गुलामांनी अमेरिकेत वेचलेला कापूस या बंदरात उतरतच राहिला. ज्या अल्बर्ट डॉकवर बीटल्सचं संग्रहालय आहे, त्याच डॉकवर २००७ साली गुलामगिरीचं आंतरराष्ट्रीय संग्रहालयही उघडलं. तीनशे वर्षांच्या धंद्यात मोजे हा या गावाने विकलेला सगळ्यात निरुपद्रवी माल असेल.

शिवाय दुसरं काय विकायचं होतं? मोठी जहाजं आली, मालाच्या पेट्या आल्या, जुन्या गोद्या निकामी झाल्या. १८४६चा अल्बर्ट डॉक १९७२ला बंद पडला आणि त्यात गाळ भरला. १९८१ला टॉक्स्टेथमध्ये दंगल पेटली. तेव्हाचे अर्थमंत्री जेफ्री हाउ यांनी थॅचरबाईंना खासगीत सुचवलं की या शहरावर पैसा ओतण्यापेक्षा त्याला पद्धतशीरपणे उतरणीला लागू द्यावं. तीस वर्षांनी ते कागद उघड झाले. ज्या गावाला त्याच्या सरकारनेच मनातून निकालात काढलं होतं, त्याने तीन वर्षांत आपलं बुजवलेलं तळघर उकरून काढलं, सहा-सात वर्षांत डॉकमधला गाळ उपसून तिथे कलादालन आणलं. याला जगण्याची जिद्द म्हणायची की गंडवणूक? आणि शहर मेलेल्यांवर जगतंय म्हणणाऱ्यांनी तारखा तरी पाहाव्यात. कॅव्हर्न बुजवल्यावर तीन वर्षांनी त्याच गल्लीत ‘एरिक्स’ नावाचा क्लब निघाला आणि त्याच्या आसऱ्याने ‘एको अँड द बनीमेन’सारखी पुढची पिढी उभी राहिली. २०२३ला युद्धामुळे युक्रेनला युरोव्हिजनची स्पर्धा भरवता येईना, तेव्हा त्यांच्या वतीने ती भरवायचा मान याच शहराने मिळवला. युनेस्कोने २०२१ला बंदरभागाचा जागतिक वारशाचा दर्जा काढून घेतला, हेही मित्र मोठ्या आनंदाने सांगतो. नव्या बांधकामांपायी काढला. त्याच युनेस्कोने २०१५ला संगीताचं शहर म्हणून जो मान दिला, तो मात्र त्याच्या लक्षात राहत नाही.

‘ते चौघं तर लंडनला गेले’ हा मुद्दा मला सगळ्यात हास्यास्पद वाटतो. गेले तेव्हा विशीत होते. बरोबर काय घेऊन गेले? लेननचा बाप जहाजावर कारभारी नोकर. हॅरिसनचा बापही आधी जहाजावर, मग बसवर. रिंगो वेल्सच्या किनाऱ्याला जाणाऱ्या बोटीवर पेले भरत होता. १९५९ला ज्या घराच्या तळघरातल्या ‘कॅस्बा’ क्लबात या पोरांनी स्वतः छत रंगवलं, त्याची मालकीण मोना बेस्ट जन्माने दिल्लीची, आणि तिचा मुलगा पीट, रिंगोच्या आधीचा ढोलवाला, जन्मला मद्रासला. १९६०च्या ऑगस्टमध्ये हॅम्बुर्गला निघालेल्या गाडीत त्यांच्याबरोबर बसला होता हॅरल्ड फिलिप्स ऊर्फ लॉर्ड वुडबाइन, १९४८ला ‘एम्पायर विंडरश’ जहाजाने आलेला त्रिनिदादचा कॅलिप्सो गायक. आणि पोहोचले कुठे, तर दुसऱ्या बंदरात! अमेरिकेला जाणाऱ्या बोटींवरच्या नोकरांनी रेकॉर्डी आणल्या आणि त्यातून सगळं घडलं, अशी एक गोष्ट तिथले वाटाडे रंगवून सांगतात. जाणकार म्हणतात, तसल्या रेकॉर्डी एपस्टाइनच्या दुकानातही मिळत होत्या. ती गोष्ट सोडून दिली तरी माझं अडत नाही. आईबापांच्या पोटापाण्यात, शेजाऱ्यांच्या बोलण्यात बंदर असलेल्या गावातच हे मिश्रण शिजू शकतं. मुंबईकराला हे पटवून द्यायला लागू नये. तिथेही १९३०च्या दशकात ताजमध्ये अमेरिकेचे काळे जॅझवाले वाजवत होते, धोबीतलावच्या कुडांत, म्हणजे सामायिक बिऱ्हाडांत, गोव्याहून आलेले वादक ट्रंक ठेवत होते, आणि त्याच गोव्याच्या अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांच्या हातून हिंदी सिनेमाच्या गाण्याला वाद्यमेळ मिळाला. पण परदेशी पाहुणा आला तर त्यातलं दाखवायला मी कुठे नेऊ? आर. के. स्टुडिओ २०१७ला जळाला, नंतर विकला गेला, आता तिथे राहायच्या इमारती. नकली कॅव्हर्नला हसणाऱ्या मित्रा, निदान नकली तरी दाखव.

आता ‘आपला काय संबंध’. संबंधच हवा असेल तर १९६६च्या ‘रिव्हॉल्व्हर’ची ती जपून ठेवलेली प्रत उलटी कर. तबल्यासमोर नाव छापलंय अनिल भागवत. १९६८च्या जानेवारीत जॉर्ज हॅरिसन मुंबईत फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रण करत होता, वाजवायला शिवकुमार शर्मा, हरिप्रसाद चौरसिया. पण हे मी भाऊजींना सांगितलं नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे वेगळा कागद होता.

भाऊजींना म्हटलं, “तुम्ही ज्या गावाला गेला नाहीत त्या गावाच्या बाजारात तुमच्या अमरावतीचं नाव रोज पुकारलं जायचं.” १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस तुटला आणि लिव्हरपूलचे दलाल हिंदुस्थानी रुईकडे धावले. मुंबईत पैशाचा पूर आला, शेअरांचा जुगार चालला आणि १८६५ला युद्ध संपताच सगळं कोसळलं. लिव्हरपूलच्या भावपत्रकात हिंगणघाट असे, आणि ‘उमरावती’ असे, इंग्रजी जिभेवर पार वाकडं झालेलं. हिंदुस्थानी मालाला सरसकट ‘सुरत’ म्हणत. आखूड धाग्याची, कचरा मिसळलेली ती रुई लँकेशायरच्या विणकरांना इतकी जाच करायची की ‘सुरत’ हा शब्द तिकडे भेसळीच्या, नकली मालाची शिवी झाला. एका बिअरवाल्याला कोणी ‘सुरत’ म्हटलं तर तो बदनामीचा दावा घेऊन कोर्टात गेला. दीडशे वर्षांपूर्वी त्यांनी आमच्या मालाला नकली म्हणावं आणि आज आम्ही त्यांच्या तळघराला म्हणावं, ही फिटंफाट फार झाली.

मग त्यांना फोर्थलिन रोडची खोली सांगितली. तिथला बाप, जिम मॅकार्टनी, काय करायचा? कापसाचा विक्रेता. लिव्हरपूलच्या कापूसबाजारात एका पेढीवर नोकरी, आठवड्याला ठराविक पगार, आणि तरुणपणी ‘जिम मॅक्स जॅझ बँड’ नावाचा स्वतःचा वाद्यवृंद. घरातला पियानो त्याने एपस्टाइन मंडळींच्या दुकानातून घेतलेला. रुईचे नमुने दिवसभर बोटांत ओढून धागा बघणारा माणूस संध्याकाळी त्याच बोटांनी पियानो वाजवायचा आणि पोरगा बाजूला बसून ऐकायचा. त्या पोराने पुढे काय केलं ते टूरवाल्यालाही ठाऊक आहे.

म्हणून पुन्हा म्हणतो: लिव्हरपूलला जा, आणि अर्धा दिवस नव्हे, दोन रात्री राहा. लेक डिस्ट्रिक्टची बोट चुकली तरी चालेल. पाणी कोयनेतही आहे. पेनी लेनच्या चौकात बस चुकवा. खोट्या तळघरात भर दुपारी जाऊन बसा आणि शेजारच्या पिशवीवाल्या बाईकडे बघा. मोजे घ्यायचे तर खुशाल घ्या.

भाऊजी बराच वेळ गप्प होते. फोटोंचा मोबाइल उलटा करून मांडीवर ठेवलेला. जिनच्या आवारात रुई हातात घेतल्यावर करतात तसं त्यांचं अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घासणं चाललं होतं. मग म्हणाले, “तो बुढा... उमरावतीचा माल पास करे का, का नुसतं अमेरिकनच घे?”